तपासणीचंही गणित चुकतं: फाइल सिस्टीममधल्या मर्यादा आणि ओव्हरफ्लो

३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये २० जीबी जागा मोकळी आहे. त्यात ५ जीबीचा व्हिडिओ टाकायला जावं तर संगणक म्हणतो, फाइल फार मोठी आहे. जागा आहे, पेन ड्राइव्ह चांगला आहे, फाइलही चांगली आहे. मग अडतंय कुठे? अडतंय चार बाइटांवर. फॅट३२ या फाइल सिस्टीममध्ये (फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटांची असते आणि त्यातले शेवटचे चार बाइट फाइलच्या आकारासाठी राखलेले असतात. चार बाइट म्हणजे ३२ बिट, आणि ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे ४,२९,४९,६७,२९५. तेवढ्या बाइटांची फाइल ठेवता येते. त्याहून एक बाइट मोठी फाइल ठेवता येत नाही, कारण तिचा आकार लिहायलाच जागा नसते. (या लेखात जीबी, टीबी म्हणजे १०२४ च्या पटीतले.)

असा नकार आला की चिडचिड होते, पण संगणकाने इथे योग्य तेच केलेलं असतं. नकार न देता त्याने फाइल लिहायला घेतली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

समजा, तुमच्याकडे आकडा लिहायला चारच घरं आहेत. ९९९९ मध्ये १ मिळवला तर उत्तर १०००० येतं, पण पाचवं घर नसल्यामुळे कागदावर राहतं ०००० . संगणकाचा प्रोसेसर नेमकं हेच करतो, फक्त दशमान पद्धतीऐवजी द्विमान पद्धतीत. घराबाहेर गेलेला अंक तो सोडून देतो आणि पुढचं काम चालू ठेवतो. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला याची खबर कुणी देत नाही. चूक म्हणून काही छापलं जात नाही, प्रोग्रॅम थांबत नाही. याला ओव्हरफ्लो म्हणतात. बहुतेक फाइल सिस्टीम सी भाषेतच लिहिलेल्या आहेत, त्यामुळे आकडा घरात मावतो की नाही हे पाहण्याची सगळी जबाबदारी कोड लिहिणाऱ्यावर पडते.

मर्यादा येते कुठून

‘या फाइल सिस्टीमची मर्यादा किती?’ असं आपण सहज विचारतो, पण मर्यादा कधी एकटी नसते. लिनक्सची जुनी ईएक्सटी३ बघा. तिथे प्रत्येक फाइलच्या नोंदीत १२ ब्लॉकांचे (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचे) पत्ते थेट लिहिलेले असतात. त्यापुढे एक पत्ता अशा ब्लॉकचा, ज्यात आणखी १०२४ पत्ते आहेत. मग एक दुहेरी, मग एक तिहेरी. ४ केबीचा ब्लॉक धरला तर या सगळ्या उतरंडीतून १०७ कोटींहून जास्त ब्लॉकांपर्यंत पोहोचता येतं, म्हणजे फाइल ४ टीबीच्या किंचित वर जायला हवी. प्रत्यक्षात ती २ टीबीला थांबते. कारण त्याच नोंदीत दुसरं एक घर आहे: फाइलने डिस्कवर किती जागा व्यापली आहे ते सांगणारं. तेही ३२ बिटांचं, आणि त्यात मोजणी ५१२ बाइटांच्या तुकड्यांत होते. ३२ बिटांत मावतील तितके तुकडे गुणिले ५१२, झाले २ टीबी. पत्ते शिल्लक आहेत, पण हिशेबाची वही भरली. ज्याने फक्त पत्त्यांची उतरंड मोजली आणि तीच मर्यादा मानली, त्याच्या कोडमध्ये २ टीबीच्या पुढे हा हिशेब गुंडाळून पुन्हा शून्यापासून सुरू होईल.

ईएक्सटी४ ने हे घर ४८ बिटांचं केलं. आता मर्यादा तिसऱ्याच ठिकाणी आली: फाइलमधला ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात, म्हणून ४ केबीच्या ब्लॉकला फाइल सुमारे १६ टीबी. ‘सुमारे’ मुद्दाम म्हटलं, कारण शेवटचा एक ब्लॉक ईएक्सटी४ सोडून देते. क्रमांक शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे सर्वांत शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत अगदी काठोकाठ बसतो. पण ‘एकूण ब्लॉक किती’ हा आकडा त्याहून एकने मोठा असतो आणि तो बसत नाही. क्रमांक मावला म्हणून संख्या मावेलच असं नाही. एका ब्लॉकवर पाणी सोडलं की क्रमांक आणि संख्या दोन्ही घरात राहतात. मला हा निर्णय फार आवडतो. ४ केबीचा मोह सोडला आणि चुकांची एक अख्खी जात संपवली.

मर्यादेला आणखी एक बाजू आहे: चिन्ह. फाइलमधली जागा दाखवणारा आकडा ऋण असण्याचं कारण काय, असं वाटेल. पण ‘इथून ५०० बाइट मागे जा’ असं सांगायला ऋण आकडा लागतो, आणि युनिक्सच्या परंपरेत काम फसलं तर उणे १ परत देतात. एक बिट चिन्हासाठी गेला की ३२ बिटांत उरतात २,१४,७४,८३,६४७ बाइट, म्हणजे २ जीबीला एक कमी. १९९० च्या दशकात डिस्क मोठ्या झाल्या आणि ही भिंत सगळ्यांना लागायला लागली. १९९६ मध्ये युनिक्स बनवणाऱ्यांनी मिळून ‘लार्ज फाइल समिट’ची नियमावली काढली आणि ३२ बिटी यंत्रांवरही ६४ बिटी जागा वापरायची रीत ठरवली. तेव्हा एक नाजूक प्रश्न होता: जुना प्रोग्रॅम ३ जीबीची फाइल उघडायला आला तर काय करायचं? त्याला आकार सांगायचा तर त्याच्या घरात मावत नाही. छाटून सांगितला तर तो फाइलची वाट लावेल. उत्तर असं ठरलं की फाइल उघडूच द्यायची नाही आणि ‘आकडा मावत नाही’ अशी स्वच्छ चूक परत द्यायची. एक्सएफएससारख्या फाइल सिस्टीममध्ये आज फाइलची मर्यादा ८ ईबीला (१ ईबी म्हणजे १०,४८,५७६ टीबी) एक बाइट कमी इतकी आहे. तीही चिन्ह वगळून उरलेल्या ६३ बिटांचीच.

गुणाकार आधी, रुंदी नंतर

आता प्रत्यक्ष कोडमध्ये काय बिघडतं ते पाहू. फाइल सिस्टीमला दिवसभर एकच गणित करावं लागतं: ब्लॉकचा क्रमांक गुणिले ब्लॉकचा आकार, म्हणजे डिस्कवरची बाइटमधली जागा. क्रमांक ३२ बिटी आहे आणि उत्तर ठेवायला ६४ बिटांचं ऐसपैस घर घेतलं आहे. सगळं ठीक दिसतं, पण नाही. सी भाषा गुणाकार करताना उत्तर कुठे ठेवायचं आहे ते बघत नाही. ज्यांचा गुणाकार करायचा ते आकडे किती बिटांचे आहेत तेवढंच बघते. दोन्ही ३२ बिटी असतील तर गुणाकार ३२ बिटांतच होतो, वरचे बिट तिथेच गळून पडतात, आणि मग उरलेलं छाटलेलं उत्तर ६४ बिटी घरात नीट मांडून ठेवलं जातं.

आकडे घालून बघा. ब्लॉक ४०९६ बाइटांचा, क्रमांक १०,४८,५७६. खरं उत्तर ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर ४ जीबी. ३२ बिटांत छाटल्यावर उरतं शून्य. जो मजकूर ४ जीबीच्या पुढे लिहायचा होता, तो डिस्कच्या अगदी सुरुवातीला जाऊन पडतो. ईएक्सटी४ मध्ये तिथे, १०२४ व्या बाइटपासून, सुपरब्लॉक असतो: ब्लॉक केवढे आहेत, किती आहेत, कोणत्या सुविधा चालू आहेत, ही अख्ख्या फाइल सिस्टीमची कुंडली. एका फाइलच्या एका ब्लॉकने ती पुसली जाते. आणि ४ जीबीपेक्षा लहान डिस्कवर हाच कोड कितीही वर्षं चालवला तरी काही बिघडत नाही.

दुरुस्ती एका शब्दाची आहे: गुणाकाराच्या आधी क्रमांक ६४ बिटी करून घ्यायचा. फाइल सिस्टीमच्या कोडमध्ये दुरुस्त्या चाळताना ही दुरुस्ती इतक्या वेळा दिसते की नवा कोड वाचताना मी आधी गुणाकार आणि डावीकडचे शिफ्ट (बिट डावीकडे सरकवून आकडा दुप्पट, चौपट करणं) शोधतो, बाकीचं नंतर.

तपासणीलाच तपासायचं

‘मग तपासणी घाला’ हा सल्ला सोपा आहे. पण तपासणी म्हणजेसुद्धा एक गणित असतं, आणि तेही ओव्हरफ्लो होतं. या विषयातला खरा गाभा मला इथे दिसतो.

सर्वांत साधी तपासणी अशी: सुरुवात अधिक लांबी ही मर्यादेपेक्षा मोठी आहे का? मोठी असेल तर नकार द्या. आता कुणी मुद्दाम अवाढव्य लांबी दिली तर बेरीज घराबाहेर जाते, गुंडाळून लहान होते आणि ‘मर्यादेपेक्षा मोठी नाही’ म्हणून पास होते. जितकी जास्त बेताल मागणी, तितकी तपासणी खुशीने हो म्हणते. म्हणून अनेक जण सल्ला देतात की बेरीज करूच नका, वजाबाकी करा: लांबी ही ‘मर्यादा वजा सुरुवात’ यापेक्षा मोठी आहे का ते विचारा. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा न सांगितल्याने काय होतं, त्याचं उदाहरण लिनक्सच्या फाइल सिस्टीम कोडमध्येच आहे.

फाइल सिस्टीम माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडून घेताना, तिला काही पर्याय द्यावे लागतात. २०१९ मध्ये लिनक्स ५.२ पासून हे पर्याय एकेक करून देण्याची नवी सोय आली. जुन्या पद्धतीच्या फाइल सिस्टीमसाठी कर्नल (लिनक्सचा गाभा) ते पर्याय एकामागोमाग एक, स्वल्पविराम देत, मेमरीच्या ४०९६ बाइटांच्या एका पानात चिकटवत जातं. नवा पर्याय घेण्याआधी तपासणी होती: नव्या पर्यायाची लांबी ही ‘४०९६ वजा २ वजा आत्तापर्यंत भरलेली जागा’ यापेक्षा मोठी असेल तर नकार. ते २ म्हणजे स्वल्पविराम आणि शेवटचा शून्य बाइट. वाचताना यात खोट सापडत नाही. पण भरलेली जागा ४०९५ झाली तर? ४०९६ वजा २ वजा ४०९५, म्हणजे उणे १. हे गणित चिन्ह नसलेल्या ६४ बिटी आकड्यांत चाललेलं आहे आणि तिथे उणे १ नावाची गोष्टच नाही. उत्तर येतं १८४४६७४४०७३७०९५५१६१५. एवढ्या वीस अंकी आकड्यापेक्षा कुठल्याही पर्यायाची लांबी मोठी असणं शक्य नाही, त्यामुळे तपासणी कायमची मेली. पर्याय देत राहा, कर्नल पानाच्या बाहेर लिहीत राहील. जानेवारी २०२२ मध्ये हे उघड झालं आणि सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाने नोंदलं गेलं. या खिंडारातून साधा वापरकर्ता अख्ख्या यंत्राचा ताबा घेऊ शकत होता, कंटेनरच्या (प्रोग्रॅम वेगळा कोंडून चालवायच्या कप्प्याच्या) आत बसूनसुद्धा.

दुरुस्ती काय केली? वजाबाकी काढून बेरीज घातली: भरलेली जागा अधिक लांबी अधिक २ ही ४०९६ पेक्षा मोठी आहे का. म्हणजे नेहमीच्या सल्ल्याच्या अगदी उलट. आणि इथे तेच बरोबर आहे, कारण भरलेली जागा कधी एका पानाच्या पलीकडे जात नाही, पर्यायाची लांबीही आधीच मर्यादित झालेली असते. दोघांची बेरीज ६४ बिटांत गुंडाळणं शक्यच नाही. म्हणून बेरीज चांगली की वजाबाकी, या वादाला अर्थ नाही. विचारायचं ते हे: या ओळीत येईपर्यंत कोणत्या आकड्याची कमाल किमान किंमत आपल्याला नक्की माहीत आहे? वजाबाकी करायची तर ‘सुरुवात मर्यादेच्या आत आहे’ हे आधी सिद्ध झालेलं हवं. बेरीज करायची तर दोन्ही आकडे लहान असल्याचं सिद्ध झालेलं हवं. दोन्ही सिद्ध नसेल तर हल्लीचे कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम) एक चांगली सोय देतात: बेरीज करा आणि ती गुंडाळली का तेही सांगा. लिनक्समध्ये ‘चेक ॲड ओव्हरफ्लो’ या नावाने ती मिळते. फाइलसाठी आधीच जागा राखून ठेवण्याच्या कोडमध्ये पूर्वी ‘बेरीज ऋण आली का’ असं बघत; आता तिथे हीच सोय वापरली आहे.

‘बेरीज ऋण आली का’ या जुन्या युक्तीत आणखी एक धोका आहे. सी भाषेच्या नियमानुसार चिन्ह असलेल्या आकड्यांत ओव्हरफ्लो होणं हीच अवैध गोष्ट आहे. त्यामुळे दोन धन आकड्यांची बेरीज ऋण येईल असं कंपायलर गृहीतच धरत नाही, आणि तुमची तपासणी निरुपयोगी समजून काढून टाकण्याचा त्याला हक्क आहे. लिनक्स कर्नल कंपायलरला खास सूचना देऊन हे थांबवतं. पण तीच ओळ दुसऱ्या प्रकल्पात उचलून नेली की संरक्षण मागेच राहतं.

कधीकधी दोन्ही बाजूंचा कोड आपापल्या जागी बरोबर असतो आणि चूक मधल्या उंबरठ्यावर होते. जुलै २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ‘सिक्वोया’ नावाचा दोष जाहीर केला. लिनक्समध्ये माउंट झालेल्या गोष्टींची यादी वाचताना कर्नल त्या मजकुरासाठी एक बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, घेतं. मजकूर मावला नाही तर बफर दुप्पट करतं, पुन्हा नाही मावला तर पुन्हा दुप्पट. ४०९६ पासून सुरू करून एकोणीस वेळा दुप्पट केलं की २ जीबी होतात. संशोधकांनी एकात एक अशा सुमारे दहा लाख डिरेक्टरी (फोल्डर) बनवल्या, इतक्या की त्यांच्या नावांच्या पूर्ण पत्त्याची (पाथची) लांबीच १ जीबीच्या वर गेली. ती माउंट केली, मग काढून टाकली आणि यादी वाचली. बफर २ जीबीचा झाला. त्याचा आकार चिन्ह नसलेल्या ६४ बिटी घरात बरोबर लिहिलेला होता. पण पुढच्या फंक्शनने तो ३२ बिटी, चिन्ह असलेल्या घरात घेतला. तिथे २ जीबी मावत नाहीत, ते झाले उणे २ जीबी. बफरच्या शेवटापासून उलट दिशेने लिहिणाऱ्या त्या फंक्शनला शेवट सापडला तो बफरच्या २ जीबी अलीकडे, आणि तिथे त्याने दहा बाइट लिहून टाकले. फक्त दहा बाइट, तेही ठरलेल्या मजकुराचे. संशोधकांनी त्यावरून पूर्ण ताबा मिळवून दाखवला. हा दोष २०१४ पासून कोडमध्ये होता. एवढा लांब पत्ता कुणी बनवेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

यावरची दुरुस्तीही बघण्यासारखी आहे: बफरला एक कमाल आकार लावला. लिनक्समध्ये एका वेळच्या वाचण्या-लिहिण्यालाही तीच कमाल आहे, २,१४,७४,७९,५५२ बाइट. २ जीबीच्या आतलं शेवटचं पूर्ण पान. ६४ बिटी यंत्रावर ५ जीबी लिहायला सांगितले तरी कर्नल एवढेच लिहून ‘इतके लिहिले’ म्हणून सांगतं. कर्नलमध्ये जुना कोड इतका आहे की प्रत्येक फंक्शनने ६४ बिटी आकार नीट हाताळला आहे अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. त्यापेक्षा दारातच मोठा आकडा अडवणं शहाणपणाचं. मात्र ज्या प्रोग्रॅमने ‘किती लिहिले’ हे उत्तर बघितलंच नाही, त्याची फाइल अर्धवट राहते.

डिस्कवर लिहिलंय म्हणून खरं नाही

आतापर्यंतचे आकडे वापरणाऱ्याकडून येत होते. फाइल सिस्टीमला आणखी एक तोंड आहे: खुद्द डिस्क. पेन ड्राइव्ह कुणी कुठून आणला माहीत नाही. त्यावरचा प्रत्येक बाइट कुणीतरी हाताने घडवलेला असू शकतो, किंवा डिस्क बिघडल्यामुळे बदललेला असू शकतो.

ईएक्सटी४ च्या सुपरब्लॉकमध्ये ब्लॉकचा आकार थेट लिहिलेला नसतो. १०२४ ला किती वेळा दुप्पट करायचं तेवढं लिहिलेलं असतं. मान्य कमाल ६, म्हणजे ६४ केबी. तिथे कुणी ४० लिहिलं आणि कोडने न बघता ३२ बिटांत शिफ्ट केलं, तर काय उत्तर यावं हे सी भाषा सांगतच नाही. वेगवेगळ्या प्रोसेसरवर वेगवेगळं येऊ शकतं. म्हणून शिफ्ट करण्यापूर्वी तो आकडा ६ च्या आत आहे ना, हे बघावंच लागतं. शिफ्ट केल्यानंतर बघून उपयोग नाही.

डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीत ‘पुढची नोंद इतक्या बाइटांवर’ असा आकडा असतो. तो शून्य असेल तर वाचणारा कोड एकाच नोंदीवर कायम घुटमळत राहतो. चारच्या पटीत नसेल, नावापेक्षा लहान असेल, ब्लॉकच्या बाहेर जात असेल, तर प्रत्येकासाठी वेगळी तपासणी लागते. हा आकडा १६ बिटी आहे, म्हणजे कमाल ६५,५३५. ब्लॉक ६४ केबीचा असेल आणि एकच नोंद तो पूर्ण ब्लॉक व्यापत असेल तर लिहायला हवेत ६५,५३६. पुन्हा एकने हुकलं. इथे एक ब्लॉक सोडून देण्याचा पर्याय नव्हता, म्हणून ठरवलं की ६५,५३५ दिसलं तर ते ६५,५३६ समजायचं. चारच्या पटीत नसल्यामुळे तो आकडा खऱ्या लांबीसाठी कधी येऊच शकत नाही. सोय चांगली आहे, पण हा अपवाद कोडच्या एका कोपऱ्यात विसरला गेला तर ६४ केबीच्या ब्लॉकवरच, आणि एकच नोंद पूर्ण ब्लॉक व्यापत असेल तिथेच बिघाड दिसेल.

डिस्कवरून आलेल्या संख्येला कशाने तरी गुणून तेवढी मेमरी मागणं, हा आणखी एक जुना सापळा. गुणाकार गुंडाळला की मेमरी मिळते थोडी आणि भरायला येतं भरपूर. लिनक्समध्ये यासाठी संख्या आणि आकार वेगवेगळे घेऊन, आत स्वतः तपासून मेमरी देणारी फंक्शन आहेत. ती असताना हाताने गुणाकार करण्याचं काहीच कारण नाही.

हे सगळं तपासून बघायला १६ टीबीची डिस्क लागत नाही. बहुतेक फाइल सिस्टीम पोकळ फाइल ठेवू देतात: आकार टीबीत, पण जिथे काही लिहिलेलंच नाही तिथे डिस्कवर जागाही घेतलेली नाही. ‘ट्रंकेट’ ही आज्ञा देऊन अशी ५ जीबीची फाइल क्षणात बनते. मग बरोबर ४ जीबीच्या एक बाइट अलीकडे, ४ जीबीवर आणि एक बाइट पलीकडे वेगवेगळे बाइट लिहायचे, परत वाचायचे, आणि शून्याव्या जागेवर काही येऊन पडलेलं नाही ना तेही बघायचं. हेच २ जीबीला आणि त्या फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या कमाल आकाराला. बिघडवलेल्या डिस्क हाताने बनवत बसायची गरज नाही. सिझकॉलरसारखी साधनं तोडमोड केलेल्या फाइल सिस्टीम लिनक्सला माउंट करायला लावतात आणि कर्नल कुठे कोसळतं ते नोंदवतात. कंपायलरचं अवैध गणित पकडणारं साधन चालू ठेवून हे चालवलं तर चुकीचा शिफ्ट कोणत्या ओळीवर झाला तेही कळतं, एरवी तो काही न बिघडवता निसटून गेला असता तरीही.